सोळा कोटींचं इंजेक्शन, झोळी आणि बाबांचा आयसीयू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सरकारी आरोग्य योजनांवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज टाकलं की काही विचारायचं असेल तर विचारा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे कार्ड कसं काढायचं हे विचारणारी फार थोडी, जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आली, की पैसा कमी आहे तर तो कुणावर खर्च करायचा आणि ते ठरवणार कोण. त्यातली पाच घेतली आहेत, थोडी काटछाट केली आहे. नावं मुद्दाम दिली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी घरातल्या आजारपणाचं लिहिलंय.

ताई नमस्कार. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एसएमए (स्नायू निकामी करणारा आनुवंशिक आजार) झालेल्या एका बाळाच्या इंजेक्शनसाठी मदतीचं आवाहन आलं, सोळा कोटी लागणार होते. सगळे पाचशे-हजार टाकायला लागले आणि तेवढ्यात माझ्या चुलतभावाने लिहिलं की एवढ्या पैशात आपल्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय उभं राहील, एका पोरामागे एवढा पैसा घालणं बरोबर आहे का. मग जो काही गदारोळ झाला! आत्या म्हणाली तुला पोरं नाहीत म्हणून असं सुचतं. तो ग्रुप सोडून गेला. मी पैसे दिले होते, पण खरं सांगू का, मनातून मला त्याचं पटलं होतं. आता गणपतीत सगळे समोरासमोर येणार. कोण बरोबर? (कराड)

आत्याबाईंनी ते बोलायला नको होतं, हे आधी सांगते. बाकीचं जरा सावकाश घेऊ.

तुमच्या भावाचा प्रश्न खोटा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्याचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात खर्च दिलाय, एका बाळामागे ५.३ डॉलर, आणि अशा १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. गुणाकार करा, साधारण ९५ डॉलर, तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या आसपास. आता महागाई, मानधन, प्रशिक्षण, देखरेख सगळं धरून तो आकडा उगीच पन्नासपट करा, तरी एका जिवामागे दोन लाख होतात. सोळा कोटीत आठशे बाळं. हे गणित एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही, तुमच्या भावाच्याही निघालं नसणार.

पण त्याने ते चुकीच्या ठिकाणी मांडलं. ग्रुपवर जे पाचशे-हजार जमत होते ते काही ग्रामीण रुग्णालयाच्या बजेटमधून निघालेले नव्हते. तुमच्या काकांनी ते हजार दिले नसते तर गडचिरोलीला पाठवले असते का? नाही, त्याची बिर्याणी झाली असती. माणूस स्वतःच्या खिशातून देतो तेव्हा तो कुणाला द्यायचं हे स्वतःच्या जिवाने ठरवतो आणि ठरवू द्यावं. सरकारी पैशाचं तसं नाही. तिथे एकाला दिलेला रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून येतो, फक्त तो दुसरा आपल्याला दिसत नाही. विहिरीत पोर पडलं की अख्खा गाव दोर घेऊन धावतो आणि त्याच विहिरीला कठडा बांधायचा ठराव ग्रामपंचायतीत तीन वर्षं पडून असतो. धावतो ते चांगलंच आहे हो, न धावणाऱ्या गावात मला राहायचं नाही. पण कठडा नसल्यामुळे उद्या पडणार असलेल्या पोराचा फोटो कुणाकडे नसतो, म्हणून त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं, आणि सरकारने निदान त्याचा विचार करावा एवढी अपेक्षा आहे.

या दोन प्रकारच्या पैशांची सरमिसळ कशी होते बघा. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका लहान मुलीसाठी असेच सोळा कोटी लोकांनी जमवले, आणि परदेशातून औषध आणताना जो कर लागणार होता, सहाएक कोटींचा, तो सरकारने माफ केला. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण माफी हासुद्धा सरकारी खर्चच. ज्या बाळाची बातमी झाली नाही त्याच्यासाठी कोण पत्र लिहिणार? म्हणून मला नियम जास्त आवडतो. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हा ठराविक गटातल्या आजारांना वीस लाखांपर्यंत मदत होती, २०२२ मध्ये ती सगळ्या गटांना पन्नास लाखांपर्यंत झाली, आणि त्यासाठी काही केंद्रं ठरवून दिली, मुंबईत केईएम आहे. सोळा कोटींपुढे पन्नास लाख म्हणजे काहीच नाही हे मान्य. तरी ते ओळखीवर नाही, नियमावर आहे.

आता भावाच्या गणितातली खरी फट सांगते. त्याने सोळा कोटी हा आकडा दगडावरची रेघ समजून धरला. किंमत ही कंपनीने लावलेली असते, ती खाली येते. याच एसएमएवर रिस्डिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे, ते कायम घ्यावं लागतं, आपल्याकडे त्याची एक बाटली सहा लाखांच्या वर होती. पेटंटवरून कोर्टात मोठी लढाई झाली, २०२५ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला वाट मोकळी झाली आणि बाटली आली १५,९०० रुपयांना. सहा लाख आणि सोळा हजार! हृदयाच्या स्टेंटचं आठवत असेल, औषध लावलेला स्टेंट लाख-सव्वा लाखाला लावायचे, फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने २९,६०० ची कमाल किंमत बांधली. त्याच्याही आधी एड्सची औषधं, माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर, आणि आपल्या मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये ३५० डॉलरला देऊ केली. त्याच सुमारास, २००२ मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये हिशोब छापून आला होता की आफ्रिकेत एड्सवर उपचार करण्यापेक्षा एड्स टाळण्यावर पैसा घालणं २८ पट फायद्याचं आहे. छापला त्या वेळच्या किमतीला तो चूक नव्हता, पण त्यावर विसंबून उपचार थांबवले असते तर पुढे औषधं स्वस्त झाल्यावर जी लाखो माणसं जगली ती राहिली नसती. तेव्हा 'परवडत नाही' हे उत्तर आलं की लगेच 'का परवडत नाही' हे विचारायचं.

गणपतीत भावाला हे सांगा, आणि आत्यांना सांगा की त्याला आधी पानावर बसवून वाढा.

मी इंग्लंडमध्ये स्लाउला राहते. इथे पेपरात अधूनमधून येतं की अमुक कॅन्सरचं औषध एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, देणार नाहीत कारण ते 'कॉस्ट इफेक्टिव्ह' नाही. माझे सासरे भारतातून आलेले, ते वाचून चिडतात, म्हणतात या लोकांनी माणसाच्या वर्षाची किंमत पौंडात लावलीय, त्यापेक्षा आपल्याकडे बरं, पैसे टाकले की मिळतं तरी. मला नेमकं काय उत्तर द्यावं कळत नाही. आणि म्हाताऱ्या माणसांना यात कमी मोजतात का?

तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा, ते अर्धे बरोबर आहेत.

तिकडे कुठलं औषध एनएचएसवर द्यायचं हे ठरवणारी नाईस नावाची संस्था १९९९ पासून आहे, तिचं माप म्हणजे क्वॉली. अवघड काही नाही त्यात. ठणठणीत तब्येतीचं एक वर्ष म्हणजे एक क्वॉली, अर्धवट तब्येतीची दोन वर्षं म्हणजे पण एकच. समजा एक औषध साठ हजार पौंडांचं आहे आणि त्याने सहा महिने आयुष्य वाढतं पण तब्येत साठ टक्केच, म्हणजे मिळाले ०.३ क्वॉली, एका क्वॉलीला पडले दोन लाख पौंड. नाईसची रेषा कित्येक वर्षं वीस ते तीस हजारांची होती, थोडं मागेपुढे करतात पण दोन लाख म्हणजे कुठल्या कुठे. म्हणून नाही म्हणतात.

यात राग येण्यासारखं आहे, मला कळतं. पण त्या रेषेचा अर्थ माणसाच्या वर्षाची किंमत तीस हजार असा नाही. यॉर्क विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये हिशोब काढला की एनएचएस आत्ता जे काही करते त्यात साधारण तेरा हजार पौंडांत एक क्वॉली मिळतो. म्हणजे नव्या औषधाला एका क्वॉलीसाठी तीस हजार मोजले की दुसरीकडे कुठेतरी दोन क्वॉली जातात, कुठे मानसिक आजारांचा दवाखाना आकसतो, कुठे ऑपरेशनची रांग लांबते. ज्याचं गेलं त्याला कळतही नाही की ते त्या औषधापायी गेलं. त्याच्यावर पेपरात कोण बातमी करणार?

वयाचं म्हणाल तर तुमचं वय काय असं तिथे विचारत नाहीत, पण गणित आपोआप झुकतं. सत्तरीच्या माणसाची उरलेली वर्षंच कमी, मग मिळणारे क्वॉलीही कमी. त्याहून टोचणारी गोष्ट अपंगांची. व्हीलचेअरवरच्या माणसाचा जीव वाचवला तर त्याची पुढची वर्षं एकाऐवजी समजा ०.७ धरणार, म्हणजे त्याला वाचवणं कागदावर कमी फायद्याचं! हा आक्षेप खोडता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, माप सुधारता येतं फक्त. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात मेडिकेअरसाठी, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, क्वॉलीची अशी रेषा लावायला मनाई केली ती याच भीतीने. जागतिक पातळीवर आजारांचं ओझं मोजतात त्या मापात तर सुरुवातीला पंचविशीतलं वर्ष हे लहानपणीच्या किंवा म्हातारपणीच्या वर्षापेक्षा जास्त वजनाचं धरायचे, कमावतं वय म्हणून, ते नंतर काढून टाकलं. आणि नाईसने २०२२ पासून आजार किती गंभीर आहे त्याप्रमाणे वजन द्यायला सुरुवात केली, फार गंभीर असेल तर क्वॉलीला १.२ ने किंवा १.७ ने गुणतात. म्हणजे ज्याचं सगळ्यात जास्त हिरावलंय त्याच्या पारड्यात थोडं जास्त टाकायचं. किती टाकायचं हे कुठलंही गणित सांगत नाही, ते माणसांनीच बसून ठरवलंय.

नुसत्या गणितावर सोडलं की काय होतं ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९९० मध्ये बघितलं. गरिबांच्या योजनेत काय द्यायचं याची त्यांनी दीड हजाराच्या वर उपचारांची यादी केली, खर्च भागिले फायदा, क्रमाने. यादी बाहेर आली तर दाताला कॅप बसवणं हे गर्भनलिकेत अडकलेल्या गर्भाच्या ऑपरेशनच्या एका क्रमांकाने वर, आणि जबड्याच्या सांध्याची पट्टी अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर. ऑपरेशन नाही केलं तर बाई मरते हो! पण एका ऑपरेशनच्या पैशात शंभरएक दात होतात, आणि थोड्या थोड्या फायद्याची बेरीज जिवाच्या बरोबरीला आली. लोक हसले, चिडले, यादी मागे घ्यावी लागली, पुढे जीव वाचवणारे उपचार वर घेऊन नव्याने केली. मला मात्र ओरेगॉनचं कौतुक आहे. त्यांची चूक सगळ्यांना दिसली कारण त्यांनी यादी छापली.

आपल्याकडे पैसे टाकले की मिळतं हे खरं. न टाकणाऱ्याचं काय होतं ते सासऱ्यांना विचारा. २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चातला ६४ टक्के लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला, तरी शंभरातले एकोणचाळीस. आपली रेषा पौंडात नाही, सातबाऱ्यात आहे, किती गुंठे विकले की किती दिवस उपचार चालतात ते गावात प्रत्येकाला माहीत असतं.

मी शहाद्याजवळ शिक्षक आहे. वर धडगाव, अक्कलकुव्याकडे अजून असे पाडे आहेत की पेशंटला झोळीत घालून आणतात, पेपरवाले त्याला बांबुलन्स म्हणतात. नर्मदेकाठच्या पाड्यांना बोटीवरचा दवाखाना जातो. परवा एका कार्यक्रमात कुणीतरी सांगत होतं की तिथे पर पेशंट खर्च इतका येतो की त्याच पैशात शहरात दहापट लोकांना सेवा देता येईल. मला बोलता आलं नाही पण फार लागलं. मॅडम, याला उत्तर आहे का?

सर, आहे, आणि ते सरकारच्याच कागदात आहे. सपाटीवर तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांना. उपकेंद्र सपाटीवर पाच हजारांना, तुमच्याकडे तीन हजारांना. म्हणजे तुमच्या पाड्यावरच्या माणसामागे दीडपट-पावणेदोनपट खर्च करायचा हे देशाने कधीच ठरवून टाकलंय. परदेशातली विद्वान मंडळी ज्याला न्यायाचं वजन म्हणून शोधनिबंध लिहितात ते आपल्याकडे खात्याच्या निकषात निमूटपणे बसलेलं आहे. पुढच्या वेळी त्या वक्त्याला विचारा, हा निकष रद्द करायचा म्हणता का?

माझं सांगते. सातपुड्याच्याच पायथ्याला एका तालुक्यात मी आरोग्य अधिकारी होते. महिन्याच्या मीटिंगला लसीकरणाचे टक्के वाचले जायचे आणि एक सिस्टर दर वेळी शेवटून पहिली. वरून तोंडी निरोप, हिला समज द्या. एकदा मी तिच्याबरोबर गेले. गाडी सोडल्यावर दोन तास चढण, वर अकरा पोरं, त्यातली तीन आईबापांबरोबर गुजरातला कामाला गेलेली. आठ पोरांना लस टोचायला अख्खा दिवस. त्याच दिवशी बाजारगावातल्या सिस्टरने झाडाखाली बसून साठ पोरं उरकली होती. कागदावर दुसरी सिस्टर जवळजवळ आठपट कामाची. खाली आल्यावर पायाला फोड आले होते माझ्या, तिच्या पायाला काहीच झालेलं नव्हतं.

आता फायद्याच्या भाषेतही त्या आठ पोरांची बाजू मांडता येते, गोवर फुटतो तो अशाच न टोचलेल्या कोपऱ्यात फुटतो आणि मग खालच्या साठांपर्यंत येतो. अधिकाऱ्यांना पटवायला मी तेच सांगितलं होतं. पण तुम्हाला सांगते, तो युक्तिवाद नसता तरी जायलाच हवं होतं. त्या पाड्याला रस्ता नाही ही काही त्या पोरांची चूक नाही, आणि रस्ता न केल्यामुळे सेवा महाग पडते, आणि महाग पडते म्हणून द्यायची नाही, असं म्हणायचं म्हणजे आधी एकदा मारलं त्याबद्दल पुन्हा मारायचं.

एक मात्र आहे. वर जायचंच हे ठरलं की मग कसं जायचं यात काटकसर जरूर करावी. पाड्यावरचीच मुलगी आशा म्हणून तयार झाली, तिच्या हातात औषधांची पेटी आणि ओआरएसची पाकिटं असली, तर दर वेळी डॉक्टरची गाडी जायची गरज नाही. गडचिरोलीचं काम काय होतं? हेच होतं.

मी नागपूरला कायद्याचं शिकतो. घटनेत जगण्याचा हक्क आहे, सुप्रीम कोर्ट म्हणतं आरोग्य त्यातच येतं. मग सरकार 'पैसे नाहीत' असं म्हणूच कसं शकतं? आणि समजा नाही म्हणायचंच असेल तर ते कुणी म्हणायचं?

कोर्टाने दोन्ही म्हटलंय बरं का. १९९६ च्या पश्चिम बंगालच्या खटल्यात, एक माणूस रेल्वेगाडीतून पडला आणि एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी जागा नाही म्हणून फिरवला, त्यात कोर्ट म्हणालं की पैशाची अडचण सांगून तातडीचे उपचार टाळता येणार नाहीत. दोनच वर्षांनी पंजाबच्या खटल्यात तेच कोर्ट म्हणालं की कुठल्याच राज्याकडे अमर्याद पैसा नसतो, खर्चाला मर्यादा घालणारं धोरण चालेल. तुला वर्गात हे एकमेकांच्या विरुद्ध म्हणून शिकवतील कदाचित. मला नाही वाटत. दारात रक्तबंबाळ माणूस आलाय त्याला घ्यायचंच, आणि वर्षभराचं धोरण ठरवताना मात्र मोजून-मापून. दक्षिण आफ्रिकेत १९९७ मध्ये एका माणसाला सरकारी डायलिसिस नाकारलं कारण मशीन कमी आणि नियम असा होता की ज्यांची किडनी बरी व्हायची किंवा बदलायची शक्यता आहे ते आधी. तो तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. न्यायाधीशांना निकाल देताना त्रास झाला हे वाचताना कळतं, वाच तू.

डायलिसिस हा या सगळ्याचा आरसाच आहे. सिएटलमध्ये साठच्या दशकात मशीन मोजकी होती, तेव्हा सात जणांची समिती ठरवायची कुणाला द्यायचं, त्यात एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, असे. कोण कमावतो, कुणाला किती मुलं, कोण चर्चला जातं, हे बघून. १९६२ मध्ये मासिकात ते छापून आल्यावर लोक हादरले, आणि १९७२ मध्ये अमेरिकेने कायदाच करून जवळपास सगळ्यांचं डायलिसिस सरकारी खर्चात घेतलं. थायलंडने उलटी वाट धरली. २००२ मध्ये तीस बाथची सगळ्यांसाठीची योजना आणली, त्यात डायलिसिस मुद्दाम बाहेर ठेवलं, हिशोबात बसत नव्हतं म्हणून. घरं धुतली जायला लागली, पेशंट संघटित झाले, आणि २००८ मध्ये ते आत घेतलं, हिशोबात बसत नसतानाच. पण घेताना अट घातली, आधी पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिस, म्हणजे खेड्यातल्याला आठवड्यातून तीनदा शहर गाठायला नको. गणिताने 'नाही' म्हटलं, समाजाने 'हो' म्हटलं, आणि मग परत गणिताला विचारलं की निदान स्वस्तात कसं करू. असं व्हायला हवं असं मला वाटतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, काउंटरवरच्या माणसाने नाही म्हणू नये. आपल्याकडे २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात उपचारांचा असा हिशोब करणारी व्यवस्था आहे, एचटीएआयएन म्हणतात, पण तिचे अहवाल किती जणांनी उघडून बघितलेत? महाराष्ट्रात फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच आहे, जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डांना, तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. खूप मोठी गोष्ट आहे ही, त्याआधी ९९६ होते आणि कवच दीड लाखाचं. पण यादीच्या शेवटानंतरचा पुढचा उपचार का नाही? कुणी ठरवलं, कशाच्या आधारावर, चुकलं असेल तर दाद कुठे मागायची? 'यादीत नाही' एवढंच उत्तर मिळतं आणि माणूस घरी जातो. तू वकील होणार आहेस ना, तर औषध मागणाऱ्या याचिका पुष्कळ होतील, तू 'नाही'मागचं कारण विचारणारी एखादी याचिका कर.

बाबा ८३ वर्षांचे आहेत. दुसरा स्ट्रोक, बारा दिवस झाले व्हेंटिलेटरवर, खासगी हॉस्पिटल, रोजचं बिल बघवत नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगचे पैसे एफडीत आहेत. मी पैशाचा विचार करतोय याचीच लाज वाटते. हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो का माहीत नाही. (पुणे)

बसतो. तुमच्यासाठी वेगळं पत्रही टाकलंय, इथे थोडक्यात, कारण असे अजून चौघे आहेत.

पैशाचा विचार येतोय म्हणजे तुम्ही वाईट मुलगा आहात असं नाही, बारा दिवस बिल भरणाऱ्या प्रत्येकाला तो येतो. वर जी क्वॉलीची गणितं केली ती मात्र इथे आणू नका, ती अनोळखी लोकांत न्यायाने वाटणी करायची असते तेव्हाची आहेत, बाप अनोळखी नसतो. तुम्ही फक्त डॉक्टरांना बाजूला घेऊन बसवा, राउंडच्या वेळी उभ्या-उभ्या नाही, आणि विचारा की बाबा यातून बाहेर आले तर कशा अवस्थेत येतील, माणसं ओळखतील का, स्वतःच्या तोंडाने खातील का. 'प्रयत्न चालू आहेत' हे उत्तर नाही, पुन्हा विचारा. सरकारी मोठ्या रुग्णालयात हलवता येईल का आणि हलवण्यात धोका किती, हेही विचारा, फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा.

आणि बाबा पूर्वी कधी काही बोलले होते का ते आठवा. शेजारचं कुणी असं नळ्या लावून पडलं होतं तेव्हा काय म्हणाले होते, आईजवळ काय म्हणाले होते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलंय की बरं होण्याची आशा नसेल तेव्हा यंत्रावर ठेवू नका असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आणि लिहिलेलं नसेल तरी डॉक्टरांची दोन मंडळं आणि घरचे मिळून ठरवायची रीत त्यात आहे. हॉस्पिटलला त्याबद्दल विचारायला संकोच करू नका, तो गुन्हा नाही. निर्णय एकट्याने घेऊ नका, बहिणीला बोलवा, ती लांब असली तरी व्हिडिओवर घ्या, नाहीतर पुढे दहा वर्षं बोलत राहील.

मुलीची एफडी आज मोडू नका. आधी डॉक्टरांशी बसा, ते उद्या सकाळीच करा.